काच वगळून

सप्टेंबर २०२५मध्ये ‘नेचर फोटॉनिक्स’ या संशोधनपत्रिकेत एक निबंध प्रसिद्ध झाला. त्यातला कळीचा आकडा होता ०.०९१. ऑप्टिकल फायबरमधून एक किलोमीटर जाताना प्रकाश किती घटतो, ते सांगणारा हा आकडा, डेसिबलमध्ये मोजलेला. इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टन विद्यापीठातले फ्रान्चेस्को पोलेत्ती, त्यांचे सहकारी आणि मायक्रोसॉफ्टमधले संशोधक यांनी मिळून हा फायबर तयार केला. त्यात प्रकाश काचेतून जातच नाही. मधल्या पोकळीतून, हवेतून जातो.

असे आकडे बातमीत उठून दिसत नाहीत. या क्षेत्रातल्या बातम्या म्हणजे वेगाचे विक्रम: एका सेकंदात अमुक हजार चित्रपट, तमुक पेटाबिट. ते विक्रम खरे आहेत, त्यांच्यामागची मेहनतही मोठी आहे आणि त्यातले काही या लेखात येतीलच. पण प्रकाशावरून चालणाऱ्या दळणवळणाचा इतिहास नीट पाहिला, तर तो घटीचा इतिहास आहे. किती प्रकाश पाठवला यापेक्षा पलीकडच्या टोकाला किती उरला, यावर सगळा डोलारा उभा आहे. आणि या बाबतीत काचेकडे देण्यासारखं जे होतं, ते जवळजवळ सगळं देऊन झालं आहे. ०.०९१चं महत्त्व त्यामुळे आहे.

डेसिबलचं माप चटकन डोक्यात बसत नाही. त्यापेक्षा सोपा हिशेब करू. फायबरच्या एका टोकाला प्रकाश सोडला, तर त्यातला शंभरावा हिस्सा उरेपर्यंत तो किती लांब जातो? १९६०च्या दशकात मिळणाऱ्या काचेत हे अंतर २० मीटर होतं. १९७०मध्ये ते एक किलोमीटरच्या थोडं पुढे गेलं. १९७९मध्ये जपानच्या एनटीटी कंपनीतल्या संशोधकांनी ते १०० किलोमीटरवर नेलं. तिथून पुढे मात्र चढण फार खडी झाली. २०१७मध्ये सुमितोमो इलेक्ट्रिकने विक्रम केला, तेव्हा अंतर पोचलं होतं १४१ किलोमीटरवर. अडतीस वर्षांत एकेचाळीस किलोमीटरची भर. साउदॅम्प्टनच्या पोकळ फायबरमध्ये हेच अंतर २२० किलोमीटर आहे.

*

वीस मीटरांपासून शंभर किलोमीटरपर्यंतचा प्रवास एका माणसाच्या हट्टापासून सुरू झाला. चार्ल्स काओ यांचा जन्म शांघायचा. ते हार्लो या इंग्लंडमधल्या गावी, स्टँडर्ड टेलिकम्युनिकेशन लॅबोरेटरीजमध्ये काम करत होते. १९६६मध्ये त्यांनी आणि जॉर्ज हॉकहॅम यांनी एका निबंधात मांडलं, की काचेत प्रकाश नाहीसा होतो याचा दोष काचेकडे नाही, तिच्यात मिसळलेल्या अशुद्धींकडे आहे. लोह, तांबं असल्या धातूंच्या अंशांकडे. तो मळ काढा, घट किलोमीटरमागे २० डेसिबलपर्यंत खाली आणा, म्हणजे टेलिफोनची संभाषणं प्रकाशावरून नेता येतील. त्या वेळची काच किलोमीटरमागे हजार डेसिबलच्या घरात होती. काओ काच बनवणाऱ्या कंपन्यांचे उंबरे झिजवत राहिले. सिलिकाची शुद्ध काच मुळात किती पारदर्शक असते, याची मोजमापंही त्यांनी स्वतः करून दाखवली.

१९७०मध्ये अमेरिकेतल्या कॉर्निंग कंपनीत रॉबर्ट मॉरर, डोनाल्ड केक आणि पीटर शुल्ट्झ यांनी १७ डेसिबलचा फायबर काढला. केक यांनी आपल्या प्रयोगवहीत त्या नोंदीशेजारी आनंदाचा उद्गार लिहून ठेवला आहे. त्याच वर्षी लेनिनग्राडमध्ये झोरेस अल्फेरोव्ह यांच्या गटाने आणि अमेरिकेत बेल लॅब्जमध्ये हायाशी आणि पॅनिश यांनी, खोलीच्या तापमानाला अखंड चालणारे अर्धवाहक लेझर करून दाखवले. वाट आणि दिवा एकाच वर्षी हाती आले.

काओ यांना २००९मध्ये नोबेल मिळालं, तेव्हा आपल्याकडे एक वाद रंगला होता: पंजाबातल्या मोगा इथे जन्मलेले नरिंदरसिंग कपानी यांना डावललं का? कपानी मोठेच होते. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजात हॅरोल्ड हॉपकिन्स यांच्याबरोबर त्यांनी फायबरच्या जुडग्यातून चित्र नेऊन दाखवलं, १९५४मध्ये त्याचा निबंध ‘नेचर’मध्ये आला, आणि पोटात डोकावणाऱ्या एंडोस्कोपचा पाया त्यातून घातला गेला. पण त्यांची वाट काही मीटरांची होती. प्रकाश वाटेत का मरतो आणि त्याला किती लांब जिवंत ठेवता येईल, हा प्रश्न काओ यांनी विचारला. नोबेल त्या प्रश्नाला मिळालं आणि ते योग्यच होतं, असं मला वाटतं. ते मिळालं तेव्हा काओ अल्झायमरने ग्रासले होते. स्टॉकहोममधलं त्यांचं व्याख्यान त्यांच्या पत्नी ग्वेन यांनी दिलं.

काओ यांना हवी असलेली शुद्धता आज कशी मिळवतात, त्याचं उत्तर आपल्या मराठवाड्यात आहे. छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूज आणि शेंद्रा औद्योगिक वसाहतींत एसटीएल, म्हणजे स्टरलाइट टेक्नॉलॉजीज, फायबर बनवते आणि त्यासाठी लागणारी काचही. या धंद्यात वाळू वितळवून चालत नाही. सिलिकॉन टेट्राक्लोराइडची वाफ ज्वाळेत सोडतात. तिच्यातून काचेची काजळी धरते, पांढरीशुभ्र. ती क्लोरीनमध्ये वाळवतात, कारण पाण्याचा अंशही प्रकाश खातो. मग तापवून तिची भरीव, पारदर्शक कांडी करतात. तिला प्रीफॉर्म म्हणतात. ही कांडी उंच मनोऱ्याच्या माथ्यावर दोन हजार अंश सेल्सिअसच्या आसपास तापवली, की खालून धागा सुटतो. जाडी १२५ मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा आठवा भाग. मिनिटाला हजार मीटरहून अधिक वेगाने तो ओढला जातो आणि खाली येईपर्यंत त्यावर प्लास्टिकचं आवरण चढलेलं असतं.

*

मळ गेला तरी काचेत एक दोष उरतोच, आणि तो तिच्या जन्माचा आहे. काच थंड होताना तिच्यातले अणू जिथल्या तिथे गोठतात. कुठे किंचित दाट, कुठे किंचित विरळ. या बारीक चढउतारांमुळे प्रकाश थोडा थोडा विखुरतो. आकाश निळं का दिसतं, हे लॉर्ड रॅले यांनी ज्या विकिरणाने समजावून सांगितलं, तेच हे. तरंगलांबी वाढली की विकिरण झपाट्याने कमी होतं, म्हणून फायबरमधला प्रकाश डोळ्यांना न दिसणारा, अवरक्त असतो. पण फार पुढे गेलं की सिलिकॉन आणि ऑक्सिजनमधले बंधच प्रकाश शोषू लागतात. दोन्ही बाजूंचा त्रास कमीत कमी असतो तो १५५० नॅनोमीटरच्या आसपास. तिथेही रॅले विकिरणाचा वाटा राहतोच. काच आहे तोवर तो राहणार. अडतीस वर्षांत एकेचाळीसच किलोमीटर पुढे सरकता आलं, ते याच कारणाने.

निसर्गाने मात्र एक गोष्ट आपल्या पारड्यात टाकली होती. पूर्वी फायबरमधला क्षीण झालेला प्रकाश दर काही दहा किलोमीटरांवर विजेच्या संकेतात बदलावा लागे आणि तिथून नवा प्रकाश पुढे सोडावा लागे. १९८८मध्ये अटलांटिकखालून गेलेली पहिली फायबर केबल, टॅट-८, अशीच होती. १९८७मध्ये साउदॅम्प्टनमध्येच डेव्हिड पेन यांच्या गटाने काचेत एर्बियम या दुर्मीळ मूलद्रव्याचा अंश मिसळला आणि त्याला दुसऱ्या लेझरने ऊर्जा दिली. त्यातून जाणारा प्रकाश, प्रकाश म्हणूनच मोठा होऊ लागला. बेल लॅब्जमध्ये एमान्युएल देझ्यूरव्हीर हेही त्याच वाटेवर होते. एर्बियम प्रकाश वाढवतं ते साधारण १५३० ते १५६५ नॅनोमीटरच्या पट्ट्यात. म्हणजे काच जिथे सर्वांत स्वच्छ, नेमकं तिथेच. शिवाय या पट्ट्यातले सगळे रंग ते एकदम वाढवतं. मग एका धाग्यात एकाऐवजी ऐंशी-नव्वद रंगांचे लेझर सोडता आले आणि प्रत्येक रंग स्वतंत्र माहिती नेऊ लागला. आपल्या हातातलं स्वस्त इंटरनेट या योगायोगावर चाललं आहे.

प्रकाश वाढवण्याची आणखी एक तऱ्हा आहे आणि तिचं मूळ कोलकात्याचं. २८ फेब्रुवारी १९२८ रोजी चंद्रशेखर वेंकट रामन यांनी शोधलेल्या परिणामात विखुरलेल्या प्रकाशाचा रंग बदलतो. त्याची थोडी ऊर्जा पदार्थातल्या कंपनांकडे जाते. फायबरमध्ये १४५० नॅनोमीटरचा जोरदार प्रकाश सोडला, तर रामन परिणामामुळे त्याची ऊर्जा १५५०च्या आसपासच्या संकेताला मिळते. वेगळा, भेसळ केलेला तुकडा लागतच नाही. वाटेवरचा साधा फायबरच प्रवर्धक होतो. रामन प्रवर्धक आज लांब पल्ल्याच्या मार्गांवर सर्रास वापरले जातात, आणि नव्या विक्रमी प्रयोगांत तर त्यांच्यावाचून पान हलत नाही.

*

एवढं सगळं जुळून आल्यावर अडचण आली ती दुसऱ्याच बाजूने. माहिती जास्त न्यायची, तर संकेत गोंगाटाच्या पुष्कळ वर हवा. क्लॉड शॅनन यांनी १९४८मध्ये घालून दिलेला हा हिशेब आहे. म्हणजे प्रकाश जोरात सोडा. पण काचेचा अपवर्तनांक प्रकाशाच्या तीव्रतेबरोबर किंचित बदलतो. जोर वाढवला की एका रंगाच्या चढउताराने शेजारच्या रंगाची लय बिघडते आणि संकेतच एकमेकांचा गोंगाट होऊन बसतात. २००१मध्ये पार्थ मित्रा आणि जेसन स्टार्क यांनी ‘नेचर’मध्ये या मर्यादेचं गणित मांडलं. पुढच्या दशकात ते प्रत्यक्ष जाणवू लागलं. नेहमीच्या पट्ट्यांत, नेहमीच्या फायबरमध्ये, लांब पल्ल्याला सेकंदाला शंभरएक टेराबिटच्या आसपास गाडं अडतं.

यावर दोन उपाय सध्या जोरात आहेत. पहिला म्हणजे, पट्टे वाढवायचे. तोक्योजवळच्या कोगानेई इथली एनआयसीटी ही सरकारी संस्था, ब्रिटनमधलं ॲस्टन विद्यापीठ आणि इतर सहकारी यांनी २०२४मध्ये ५० किलोमीटरच्या अगदी साध्या फायबरमधून सेकंदाला ४०२ टेराबिट पाठवले. चार जीबीचा एक चित्रपट धरला, तर हे साडेबारा हजार चित्रपट झाले. त्यासाठी त्यांनी एर्बियमच्या पट्ट्याच्या दोन्ही बाजूंना हातपाय पसरले आणि प्रत्येक पट्ट्याला वेगळा प्रवर्धक दिला. एर्बियम, थुलियम, बिस्मथ, रामन, असे. जमिनीत आधीच गाडलेली काच यात वाया जात नाही, ही मोठी जमेची बाजू. पण इतक्या जातींचे प्रवर्धक प्रत्येक थांब्यावर बसवायचे, सांभाळायचे आणि त्यांना वीज पुरवायची, हा खर्च छोटा नाही.

दुसरा उपाय एकाच धाग्यात अनेक गाभे, म्हणजे प्रकाशाच्या अनेक वाटा, घालण्याचा. याच एनआयसीटीने सुमितोमोबरोबर एकोणीस गाभ्यांचा फायबर केला, तोही नेहमीच्याच १२५ मायक्रॉन जाडीचा, आणि त्यातून १,८०८ किलोमीटरपर्यंत सेकंदाला १.०२ पेटाबिट नेले. गाभे इतके जवळ, की एकातला प्रकाश दुसऱ्यात शिरतोच. ती सरमिसळ गणिताने सोडवण्याचं काम पलीकडच्या टोकाचा संगणक करतो. २०२५च्या वसंतात सॅन फ्रान्सिस्कोत भरलेल्या ओएफसी परिषदेत हे काम मांडलं गेलं. या विषयाची ही मोठी जत्रा १९७५पासून भरते आणि ऐन वेळी आलेले ताजे निबंध तिथे राखून ठेवलेल्या सत्रात वाचले जातात. वरचे दोन्ही विक्रम त्याच सत्रांतले. आपल्याकडे एसटीएलनेही अनेक गाभ्यांचा फायबर करून दाखवला आहे.

समुद्राखालच्या केबलला या दुसऱ्या वाटेची जास्त गरज आहे, कारण तिथली टंचाई विजेची आहे. समुद्रतळावर दर साठ-ऐंशी किलोमीटरवर बसवलेल्या प्रवर्धकांना किनाऱ्यावरूनच वीज पाठवावी लागते आणि ती एका मर्यादेपलीकडे वाढवता येत नाही. मुंबईशी याचा जुना संबंध आहे. १८७०मध्ये ‘ग्रेट ईस्टर्न’ जहाजाने मुंबईहून एडनच्या दिशेने तारायंत्राची केबल टाकली, तेव्हापासून पश्चिमेकडचं जग आपल्याला याच किनाऱ्याने जोडलं गेलं. आज मुंबईच्या वाळूखाली फायबरच्या अनेक केबल येऊन पोचतात. ३० जानेवारी २००८ रोजी इजिप्तच्या अलेक्झांड्रियाजवळ दोन केबल तुटल्या आणि भारताचं पश्चिमेकडचं निम्म्याच्या आसपास दळणवळण कोलमडलं. पुण्या-बंगळुरूच्या आयटी कंपन्यांत त्या दिवसांत काय धावपळ झाली, ती अनेकांना आठवत असेल. तांबड्या समुद्रात २०२४ आणि २०२५मध्येही केबल तुटल्या. समुद्रात घट जितकी कमी, तितके प्रवर्धक कमी, तितकी वीज कमी. तिथे दशांश चिन्हानंतरचा प्रत्येक आकडा जहाजांच्या आणि विजेच्या हिशेबात उतरतो.

*

आता पोकळ फायबर. कल्पना नवी नाही. १९९१मध्ये फिलिप रसेल यांना सुचलं, की काचेत बारीक छिद्रांची जाळी आखून प्रकाश मधल्या पोकळीत कोंडता येईल. १९९९मध्ये बाथ विद्यापीठात ते प्रत्यक्षात आलं. काही वर्षांत घट किलोमीटरमागे एक-दीड डेसिबलपर्यंत उतरली आणि तिथेच रुतली. पोकळीच्या भिंती अणूंच्या पातळीवर खडबडीत असतात आणि प्रकाश त्यांना घासत जातो, म्हणून. पुष्कळांनी या विषयाचा नाद सोडला.

साउदॅम्प्टनच्या मंडळींनी भिंतच जवळजवळ काढून टाकली. भेंडीची चकती डोळ्यांसमोर आणा: कडेकडेने पाच कप्पे. साउदॅम्प्टनच्या फायबरचा आडवा छेद तसा दिसतो. फरक असा, की मधली जागा पूर्ण मोकळी असते आणि प्रत्येक कप्पा म्हणजे काचेची नळी, तिच्या आत दुसरी, तिच्याही आत तिसरी. नळ्यांच्या भिंती मायक्रॉनच्या अर्ध्याच्या आसपास पातळ. ही जाडी अशी बेतलेली असते, की ठरावीक रंगांचा प्रकाश भिंतीत शिरू पाहतो आणि परत आत ढकलला जातो. एका नळीतून थोडा निसटला, तर तिच्या आतली नळी त्याला थोपवते. नळ्या एकमेकींना टेकत नाहीत, हेही महत्त्वाचं; जिथे काच काचेला टेकते, तिथे जाड गाठ होते आणि गाठीतून प्रकाश गळतो. पोलेत्ती यांनी या रचनेचा आराखडा २०१४मध्ये मांडला. त्यानंतर घटीचे आकडे २०२०मध्ये ०.२८, २०२२मध्ये ०.१७४ असे उतरत आले आणि अखेर ०.०९१.

हे बनवायचं कसं? काचेच्या पोकळ नळ्या हाताने एका मोठ्या नळीत रचायच्या, त्यांना आतून वायूचा दाब द्यायचा आणि तो जुडगा तापवून ओढायचा. दाब किंचित चुकला की नळ्या फुगून एकमेकींना चिकटतात किंवा बसकण मारतात. मिलिमीटरच्या अंशात मावणारी ही नक्षी किलोमीटरमागून किलोमीटर तशीच राहिली पाहिजे. हे पाहिलं की दहा वर्षं का लागली, असा प्रश्न पडत नाही.

फायदा नुसता घटीचा नाही. हवेत प्रकाश काचेपेक्षा जवळजवळ दीडपट वेगाने धावतो. जोर वाढवला की काचेत होणारी रंगांची ती सरमिसळ हवेत सुमारे हजारपटीने कमी होते. म्हणजे मित्रा-स्टार्क यांनी दाखवलेली भिंत मागे सरकते. आणि ०.२ डेसिबलच्या खालचा पट्टा एर्बियमच्या पट्ट्याच्या कितीतरी पट रुंद आहे, ६६ टेराहर्ट्झचा. तिन्ही गोष्टी एकाच धाग्यात मिळाल्या, असं काचेच्या इतिहासात झालेलं नाही.

पहिलं गिऱ्हाईक शेअर बाजारातलं होतं, कारण तिथे मायक्रोसेकंदाला पैसे मिळतात. ते मला फार थोर कारण वाटत नाही. खरी मागणी त्यानंतर आली, डेटा सेंटरांकडून. साउदॅम्प्टनमधून निघालेली ल्युमेनिसिटी ही कंपनी मायक्रोसॉफ्टने डिसेंबर २०२२मध्ये विकत घेतली आणि २०२४च्या अखेरीस, पुढच्या दोन वर्षांत पंधरा हजार किलोमीटर पोकळ फायबर आपल्या जाळ्यात टाकण्याचं जाहीर केलं. डेटा सेंटरांचा एक गट मिळून एकाच यंत्रासारखा चालायचा, तर त्यांच्यातला संदेश ठरावीक वेळेत पोचला पाहिजे; त्यामुळे ती एकमेकांपासून किती दूर असू शकतात, त्याला बंधन येतं. प्रकाश दीडपट वेगाने गेला, तर हे अंतर दीडपट वाढतं आणि जागा शोधायचं क्षेत्र सव्वादोनपट. आपल्याकडे डेटा सेंटरांची सर्वांत मोठी वस्ती मुंबई-नवी मुंबईत आहे. ऐरोली, महापे, रबाळे या पट्ट्यात. तिथे जमीनही महाग आणि विजेवरचा ताणही मोठा. मुंबई ते पुणे दीडशे किलोमीटरची केबल धरली, तर एका बाजूचा प्रवास काचेतून सुमारे ७३५ मायक्रोसेकंदांचा होतो, पोकळीतून ५०० मायक्रोसेकंदांचा. घाटावर पसरण्याचं गणित एवढ्या फरकाने बदलू शकतं.

डेटा सेंटरच्या आतही प्रकाश चिपच्या शेजारी येऊन बसू लागला आहे. एनव्हिडियाने २०२५मध्ये असे स्विच जाहीर केले, ज्यांत प्रकाशाचे भाग चिपबरोबर एकाच तळावर असतात. सिलिकॉन स्वतः प्रकाश देत नाही, म्हणून लेझर इंडियम फॉस्फाइडचा आणावा लागतो आणि दोघांचा संसार जमवणं हा संशोधनाचा एक मोठा विभाग झाला आहे. तो स्वतंत्र लेखाचा विषय.

*

पोकळ फायबरचं घोडं पेंड खातं ते जोडणीत. तुटलेल्या साध्या फायबरची जोडणी रस्त्याच्या कडेला जवळून पाहण्यासारखी असते. जेसीबीच्या दात्याने केबल ओढली गेलेली असते. चेंबरमधून दोन्ही टोकं वर घेतलेली, वर ताडपत्री किंवा मोठी छत्री. जॉइंटर आधी केबलची साल काढतो, जेली पुसतो आणि निळा, नारिंगी, हिरवा, तपकिरी या ठरलेल्या क्रमाने बारा-बारा धागे वेगळे करतो. एक धागा घेतला, स्ट्रिपरने आवरण सोललं, स्पिरिटने पुसला, क्लीव्हरमध्ये ठेवून टोक सरळ छाटलं. दुसऱ्या बाजूचा त्याच रंगाचा धागा तसाच. दोन्ही स्प्लायसिंग मशीनमध्ये ठेवून झाकण लावलं की पडद्यावर दोन टोकं समोरासमोर येतात, मोटर त्यांना मायक्रॉनच्या अंशाने हलवून एका रेषेत आणते, विजेची बारीक ठिणगी पडते आणि सांधा नाहीसा होतो. पडद्यावर आकडा उमटतो: ०.०२ डेसिबल, ०.०१ डेसिबल. जास्त आला तर तोडून पुन्हा. हेल्परला सूचना एकच असते, धूळ सांभाळ. त्यावर स्लीव्ह चढवून गरम केली, ट्रेमध्ये वळण देऊन बसवला, की पुढचा धागा. अठ्ठेचाळीस धाग्यांच्या केबलला रात्र होते.

हीच ठिणगी पोकळ फायबरवर पडली तर पाचही नळ्या वितळून आत कोसळतात. ठिणगी इतकी सौम्य हवी, की बाहेरचं कडं जोडलं जाईल आणि आतली नक्षी हलणार नाही. शिवाय टोक उघडं राहिलं तर दमट हवा आत शिरते आणि पाण्याची वाफ प्रकाश शोषते. कोकणातल्या जुलैत ही गोष्ट किरकोळ नाही. दोन्ही बाजूंची यंत्रं साध्या फायबरची असल्यामुळे पोकळ धागा कुठेतरी भरीव धाग्याला जोडावाच लागतो, आणि हवा-काचेच्या त्या सीमेवरून प्रकाश उलटा फिरतो. हे प्रश्न सुटत चालले आहेत, खास मशीन आणि खास जोड आले आहेत. पण ते भर पावसात, छत्रीखाली, मध्यरात्री सुटायला हवेत.

याहून अवघड गोष्ट वेगळीच आहे. केबल तुटली, तर कुठे तुटली ते जॉइंटरला कसं कळतं? ओटीडीआर नावाचं यंत्र एका टोकातून प्रकाशाची लहर सोडतं आणि मागे येणारा प्रकाश मोजतं. तो मागे येतो रॅले विकिरणामुळे. काचेच्या त्याच जन्मजात दोषामुळे प्रत्येक मीटरवरून अंधूकसा प्रकाश परततो, पडद्यावर उतरती रेघ दिसते, आणि ती जिथे अचानक कोसळते तिथे केबल तुटलेली. ‘साडेअकरा किलोमीटर’, एवढं कळलं की गाडी निघते. पोकळ फायबरमध्ये प्रकाशाच्या वाटेत काच नाही, म्हणून विकिरण जवळजवळ नाही, म्हणून परतणारा प्रकाश हजारपटीहून क्षीण. जी घट नको होती ती गेली आणि तिच्याबरोबर खबर देणाराही गेला. हा परतीचा क्षीण प्रकाश टिपणारी नवी यंत्रं करणं, हा आज या क्षेत्रातला फार महत्त्वाचा आणि बातम्यांत न येणारा विषय आहे.

काचेच्या या खबरेवर एक सबंध विज्ञान उभं राहत आहे, म्हणून ही गोष्ट मला अधिक लागते. फायबरजवळची जमीन हलली की धागा अणुमात्र ताणला जातो आणि परतणाऱ्या विकिरणाची लय बदलते. ती नीट वाचली, तर काही दहा किलोमीटरांच्या केबलचा दर काही मीटरांवरचा भाग भूकंपमापक होतो. जुलै २०१९मध्ये कॅलिफोर्नियात रिजक्रेस्टला मोठा भूकंप झाला, तेव्हा कॅलटेकच्या झोंगवेन झान यांच्या गटाने तिथल्या वापरात नसलेल्या फायबरला यंत्रं जोडून पाठचे असंख्य धक्के टिपले. ब्रिटनच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेत जुझेप्पे मार्रा यांनी थोड्या वेगळ्या पद्धतीने, लेझरची लय मोजून, इटलीतल्या भूकंपाचा हादरा टेडिंग्टन ते रेडिंग या ७९ किलोमीटरच्या फायबरमध्ये पकडला. २०१८मध्ये ‘सायन्स’मध्ये ते काम आलं.

महाराष्ट्रात ११ डिसेंबर १९६७च्या पहाटे कोयनेने जे दाखवलं, ते विसरण्यासारखं नाही. तिथे आजही लहान धक्के सतत बसतात. धरणाच्या पाण्याने जागे होणारे भूकंप समजून घेण्यासाठी कऱ्हाडजवळ हजारमाची इथे केंद्राच्या भूविज्ञान मंत्रालयाची प्रयोगशाळा आहे आणि कोयना परिसरात गोठणे इथे तीन किलोमीटर खोल छिद्र घेतलं गेलं आहे. त्याच डोंगरांतून, घाटरस्त्यांच्या कडेने, साध्या काचेचे फायबर जातात. त्यातला एखादा न वापरलेला धागा भूकंपशास्त्रज्ञांना कायमचा मिळावा, असं मला कळकळीने वाटतं. त्यासाठी नवी केबल नको. एका टोकाला यंत्र हवं आणि दोन खात्यांत करार हवा. आणि पुढेमागे पोकळ फायबर आला म्हणून जुना काढून टाकण्याची घाईही कुणी करू नये. ऐकण्याच्या कामाला काचच चांगली.

सध्या भारतनेटच्या सुधारित टप्प्याची खोदाई गावोगाव चालू आहे. फायबरची केबल पंचवीसएक वर्षं टिकेल असं धरूनच टाकतात, म्हणजे आज जे गाडलं जाईल ते २०५०पर्यंत जमिनीत असेल. पोकळ फायबर तिथवर गावांपर्यंत पोचेल, असं मी म्हणत नाही. पण जिल्ह्या-जिल्ह्यांना जोडणाऱ्या मुख्य मार्गांवर तो येणं फार लांबचं राहिलेलं नाही. या कामातला मोठा खर्च खोदाईचा, परवानग्यांचा आणि रस्ता पूर्ववत करण्याचा असतो. त्यापुढे एका जादा रिकाम्या डक्टची किंमत किरकोळ आहे. निविदेत ती ओळ आताच लिहिली, तर उद्या नवा धागा फुंकून आत घालता येईल, रस्ता न फोडता. आणि स्प्लायसिंग शिकवणाऱ्या संस्थांना पोकळ फायबरचे दहा-वीस मीटरचे तुकडे सरावासाठी आत्ताच मिळाले पाहिजेत. नळ्या कोसळू न देता ठिणगी कशी द्यायची, हे हाताला कळायला वेळ लागतो.